फुफ्फुसकार्याची प्रसामान्य मूल्ये : कोवळे किशोरवय

दहा ते चौदा वर्षांच्या निरोगी मुलामुलींच्या फुफ्फुसांत किती हवा मावते आणि ती किती वेगाने बाहेर पडते, याचे ठरवलेले संदर्भमान. दम्याची शंका असलेल्या मुलाचा आकडा याच मानाशी ताडून पाहतात. त्यामुळे मान चुकले तर निरोगी मूल आजारी ठरते, किंवा आजारी मूल औषधाविना घरी जाते.

जॉन हचिन्सन या इंग्रज वैद्याने १८४६ मध्ये दोन हजारांहून अधिक माणसांचे श्वास मोजून, फुफ्फुसाची धारणक्षमता उंचीबरोबर वाढते हे दाखवले. आजची स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकलेल्या हवेचे यंत्राने केलेले मापन, त्याच पायावर उभी आहे. नाकाला चिमटा लावून छाती भरून श्वास घ्यायचा आणि नळीत एका दमात सगळा सोडायचा. एकूण बाहेर आलेली हवा म्हणजे एफव्हीसी, पहिल्या सेकंदातली एफईव्ही-१. निरोगी मुलांत पहिल्या सेकंदातच बहुतेक हवा, साधारण ८५ ते ९० टक्के, बाहेर पडते. किमान तीन स्वीकारार्ह प्रयत्न लागतात आणि त्यांतल्या दोन सर्वोत्तम मापांत १५० मिलिलिटरपेक्षा जास्त फरक चालत नाही. चूल पेटवताना फुंकणीत सावकाश, लांब फुंकतात. इथे मात्र पहिला जोरच महत्त्वाचा. तो मंद पडला की आलेख वाया जातो.

या वयाची खरी अडचण वाढीची आहे. आधी पाय लांबतात, मग धड, आणि छातीची पोकळी त्यामागून रुंदावते. मुली हा टप्पा मुलांच्या आधी गाठतात. म्हणून सातवीच्या एकाच वर्गात, एकाच उंचीच्या दोघांचे आकडे वेगळे येऊ शकतात. वय, लिंग, उभी उंची यांच्याबरोबर बसून मोजलेली उंचीही नोंदवली तर बरे. वय महिन्यांत धरावे लागते. ज्या दाखल्यांवर शाळेच्या सोयीने १ जून ही जन्मतारीख पडलेली असते, ते इथे घात करतात.

‘निरोगी’ कोणाला म्हणायचे, हा प्रश्न सांगली-साताऱ्यात विशेष नाजूक आहे. गाळप हंगामात उसाचे पाचट जळते, गुऱ्हाळांचा धूर असतो, काही घरांत अजून चूल आहे. धुरातली सगळी मुले वगळली तर उरलेला नमुना जिल्ह्याचा राहत नाही. सगळी घेतली तर धुराने झालेली घटच प्रसामान्य म्हणून कायम होते. धुराची नोंद करून मुले घ्यावीत आणि विश्लेषण दोन्ही प्रकारे करावे, हा मधला मार्ग अधिक प्रामाणिक वाटतो. उलट बाजूनेही फसगत होते. १९६१ मध्ये सुरू झालेल्या साताऱ्याच्या सैनिक शाळेतली मुले प्रवेशावेळीच वैद्यकीय तपासणीतून निवडलेली असतात. केवळ ती किंवा सांगलीच्या तालमीतली पोरे मोजली तर संदर्भमान फुगेल. पाचगणीच्या निवासी शाळांत बाहेरगावची मुले पुष्कळ, त्यामुळे तिथला पत्ता म्हणजे तिथली वाढ नव्हे.

गावाची समुद्रसपाटीपासूनची उंचीही विसरता येत नाही. सांगली सुमारे ५५० मीटरवर, तर महाबळेश्वर १,३०० मीटरहून वर. सोडलेली हवा शरीराच्या तापमानाला आणि स्थानिक वायुदाबाला रूपांतरित करूनच लिहितात. यंत्रात खालच्या गावाचा दाब तसाच ठेवून घाटावर मोजणी करू नये. रोज सकाळी तीन लिटरच्या पिचकारीने यंत्र तपासणे हे तर गृहीतच.

वय, लिंग, उंची यांवरून अपेक्षित आकडा काढून देणारी २०१२ ची जागतिक समीकरणे ३ ते ९५ वर्षांसाठी आहेत, पण त्यांत भारतीय उपखंडाचे प्रतिनिधित्व तोकडे होते. भारतीयांचे आकडे त्याच उंचीच्या युरोपीय वंशीयांपेक्षा सरासरीने कमी येतात. धडाची ठेवण, गर्भावस्थेतले व बालपणीचे पोषण, धूर, यांत कशाचा वाटा किती यावर वाद आहे. पुढे २०२२ मध्ये वंशगट न मानणारी समीकरणे आली; सगळ्यांना एकच गज लावल्याने वरचा वाद मात्र मिटत नाही.

पूर्वी अपेक्षित मूल्याच्या ८० टक्क्यांखाली आकडा गेला की दोष मानत. आता निरोगी गटातल्या सर्वांत खालच्या पाच टक्क्यांपाशी सीमा धरतात. म्हणजे कोणताही आजार नसलेल्या शंभर मुलांपैकी पाच जण या रेषेखाली असणारच. अशा मुलाला लगेच दम्याचा शिक्का न मारता काही महिन्यांनी, त्याच यंत्रावर, नव्याने उंची घेऊन पुन्हा फुंकायला लावतात.