आगबोटीच्या यादीतला अर्धा माणूस

१८८५च्या सुमारास लिव्हरपूलहून न्यूयॉर्कला निघालेलं एक कुटुंब डोळ्यांसमोर आणा. नवरा, बायको, नऊ आणि पाच वर्षांची दोन मुलं आणि सात महिन्यांचं बाळ. जीव पाच. पण १८५५च्या ब्रिटिश प्रवासी कायद्याच्या हिशेबात हे होतात तीन. त्या कायद्यानुसार बारा वर्षं पूर्ण झालेला तो एक प्रौढ, एक ते बारा वर्षांची दोन मुलं मिळून एक प्रौढ आणि वर्षाच्या आतलं तान्हं हिशेबातच नाही. आठवडाभराने बोट पलीकडे लागली की तेच कुटुंब साडेतीन व्हायचं, कारण १८८२च्या अमेरिकन कायद्याने अर्ध्या माणसाची रेघ बाराऐवजी आठ वर्षांवर ओढली होती. नऊ वर्षांचा पोरगा समुद्र ओलांडताना अर्ध्याचा पुरा झाला.

हा नुसता कागदी खेळ नव्हता. ब्रिटिश कायद्यात पिण्याचं पाणी 'प्रौढां'मागे मोजलं जायचं: रोज तीन क्वार्ट, म्हणजे साधारण ३.४ लिटर. अमेरिकन कायदा हवा मोजायचा. मुख्य डेकवर माणशी १०० घनफूट, त्याखालच्या डेकवर १२०. म्हणून बोटीवरच्या उतारूंच्या ब्रिटिश याद्यांच्या अखेरीस बेरजेचे दोन आकडे सापडतात, एक जिवांचा आणि एक प्रौढांचा. यादी मुळात जागा आणि शिधा मोजायला जन्माला आली. वंशावळ शोधणारे आपण फार नंतर आलो. यादीतला प्रत्येक रकाना कुठल्या ना कुठल्या कायद्यामुळे आला आहे. तो कायदा माहीत असला की त्या रकान्यावर किती भरवसा ठेवायचा हेही कळतं.

अमेरिकेत सुरुवात १८१९च्या कायद्याने झाली. दर पाच टनांमागे दोनच उतारू न्यायचे आणि बंदरात पोचल्यावर कप्तानाने त्यांची यादी जकात अधिकाऱ्याच्या हाती द्यायची. १८२०पासून सुरू झालेल्या या जकातयाद्यांत नाव, वय, लिंग, धंदा, कुठल्या देशाचा आणि कुठे वस्ती करणार एवढंच असे. शिवाय वाटेत मेलेल्यांची नोंद. १८६०च्या यादीत कुणी आजोळच्या गावाचं नाव शोधत असेल, तर ते तिथे नाही, कारण कायद्याने ते विचारलंच नव्हतं. १८८२च्या कायद्याने बोचक्यांची संख्या आणि बोटीतला कप्पा हे रकाने वाढवले. आठ वर्षांवरचा स्वस्त दर्जाचा उतारू वाटेत आजाराने मेला, तर माणशी दहा डॉलर भरावे लागत. त्यामुळे मृतांची नोंद ही बोटीच्या मालकाच्या खिशाशी बांधलेली होती, हे ती वाचताना लक्षात असलेलं बरं.

खरा बदल १८९३चा. त्या वर्षीच्या कायद्याने एका तक्त्यावर जास्तीत जास्त तीस नावं लिहायची सक्ती केली आणि प्रश्नांची संख्या वीसच्या घरात नेली. लिहिता-वाचता येतं का? तिकिटाचे पैसे कुणी भरले? जवळ तीस डॉलरच्या वर रक्कम आहे का, नसल्यास किती? कुणाकडे चाललात, त्याचा पत्ता काय? तुरुंगात किंवा धर्मादाय गरीबखान्यात होतात का? बहुपत्नीक आहात का? हे सगळं निघायच्या बंदरावर, कंपनीच्या कारकुनांनी भरायचं. मग कप्तान आणि डॉक्टर यांनी तिथल्या अमेरिकन वाणिज्यदूतापुढे शपथ घ्यायची आणि तक्ते बोटीबरोबर जायचे. न्यूयॉर्क बंदरातल्या एलिस बेटावर (येणाऱ्यांच्या तपासणीचं हे केंद्र १ जानेवारी १८९२ला उघडलं) उतारूच्या अंगावर तक्त्याचा आणि ओळीचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी लावलेली असायची. निरीक्षक तक्ता उघडून ती ओळ काढी आणि तेच प्रश्न पुन्हा विचारी. तीस नावांची मर्यादा यासाठीच सोयीची.

या प्रश्नांतला एक सापळा ओळखायला हवा. 'नोकरीचा करार करून आलात का?' याला शहाणा माणूस 'नाही' म्हणायचा. १८८५पासून परदेशातून करार करून मजूर आणायला बंदी होती. म्हणजे काम ठरलेलं आहे असं प्रामाणिकपणे सांगितलं, तर परतीच्या बोटीत बसायची वेळ येई. पण निव्वळ निराधार दिसणंही धोक्याचं, कारण सरकारवर भार पडेल असा माणूसही परत पाठवला जाई. म्हणून त्या रकान्यातल्या 'नाही'वरून कुणाच्या पणजोबांना काम ठरलेलं नव्हतं असा निष्कर्ष काढू नये.

आता नावं. एलिस बेटावरच्या कारकुनांनी लोकांची आडनावं बदलली, ही गोष्ट अमेरिकेत घरोघर सांगतात. ती खरी नाही. तिथल्या कारकुनासमोर नाव आधीच लिहिलेलं असे, त्याचं काम पडताळणीचं होतं. गोंधळ व्हायचा तो आधी, निघायच्या बंदरावर, कानाने ऐकून लिहिताना. आणि नंतर, आपल्या काळात, जुनं हस्ताक्षर वाचून सूची करताना. इंग्रजी घसीट अक्षरात एल, एस आणि टी एकमेकांच्या वेषात फिरतात, यू आणि एन यांच्यात फरक उरत नाही. जोडून आलेल्या दोन एसमधला पहिला बऱ्याचदा एफसारखा दिसतो.

यावर उपाय म्हणून साउंडेक्स नावाची पद्धत वापरली गेली. तिचं पहिलं पेटंट १९१८चं. आडनावाचं पहिलं अक्षर तसंच ठेवायचं, पुढचे स्वर आणि एच, डब्ल्यू, वाय गाळायचे, उरलेल्या व्यंजनांना उच्चाराच्या गटाप्रमाणे आकडा द्यायचा. बी, एफ, पी, व्ही यांना १, सी, जी, जे, के, क्यू, एस, एक्स, झेड यांना २, डी आणि टी यांना ३, एलला ४, एम आणि एन यांना ५, आरला ६. तीन आकडे झाले की थांबायचं, कमी पडले तर शून्यं भरायची. जून १८८३मध्ये आनंदीबाई जोशी न्यूयॉर्कला उतरल्या. त्यांच्या अमेरिकेतल्या समाधिशिलेवर जोशीच्या शेवटी आय नाही, दोन ई आहेत. हुबेहूब स्पेलिंगने शोधणारा इथेच अडकेल. साउंडेक्समध्ये मात्र दोन्हींचा संकेत एकच, जे-२००. पण मराठी आडनावांपुढे ही पद्धत एका जागी हमखास आपटते. आपला 'व' कुणी व्हीने लिहितो, कुणी डब्ल्यूने. एकाच वैद्यांचे व्ही-३०० आणि डब्ल्यू-३०० असे दोन संकेत होतात आणि पहिलं अक्षर बदलल्याने दोघांची भेट कधीच होत नाही. व, फ, ज यांनी सुरू होणारी नावं प्रत्येक शक्य अक्षराने वेगवेगळी शोधावीत.

वयाचा रकानाही सरळ नाही. भाडं आणि कायदा दोन्ही वयावर चालत, त्यामुळे अकरा वर्षं किंवा अकरा महिने असं वय दिसलं की दुसऱ्या कागदाशी ताडून पाहावं. मोठी माणसं वय गोळाबेरीज सांगत. याचं माप काढायला लोकसंख्याशास्त्रात व्हिपल निर्देशांक आहे. २३ ते ६२ वयाच्या माणसांपैकी ज्यांच्या वयाच्या शेवटी ० किंवा ५ आहे ते मोजायचे, पाचाने गुणायचे, एकूण संख्येने भागायचे आणि शंभराने गुणायचे. १०० आले तर शून्य-पाचाची ओढ नाही, ५०० आले तर सगळ्यांनीच वय गोल करून सांगितलं. एका बोटीसाठी हा आकडा काढला, की त्या यादीतलं 'वय ४०' किती ताणता येईल याचा अंदाज येतो.

खाणाखुणांत नवखे फसतात. पूर्ण ओळीवर काट असली तर बहुधा त्या माणसाने तिकीट काढलं, पण तो बोटीत चढलाच नाही. मृत्यूची खूण समजून त्याचं श्राद्ध घालू नये! नावाच्या डावीकडची फुली म्हणजे उतारूला अडवून ठेवलं होतं. धंद्याच्या रकान्यावर खरडलेले आकडे आणि तारीख त्या प्रवासातली नसतेच. पुढे कित्येक वर्षांनी त्याने नागरिकत्वाचा अर्ज केला आणि सरकारने जुनी यादी काढून त्याचं येणं पडताळलं, त्याची ती नोंद आहे.

काही नोंदी शोधून सापडणार नाहीत. ब्रिटनने बाहेर जाणाऱ्यांच्या १८९०पूर्वीच्या याद्या ठेवल्या नाहीत. आत येणाऱ्यांच्या १८७८पासूनच्या आहेत, लंडनच्या क्यू भागातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात. जर्मनीतल्या ब्रेमेन बंदराने जागा नाही म्हणून जुन्या याद्या फेकल्या, शेजारच्या हॅम्बुर्गने १८५०पासूनच्या जपल्या. एलिस बेटावरची लाकडी इमारत जून १८९७च्या आगीत जळाली तेव्हा कॅसल गार्डन या आधीच्या केंद्राचे कागद गेले. जकातखात्याच्या याद्या वेगळ्या ठिकाणी होत्या म्हणून वाचल्या. अमेरिकेने १९४०च्या दशकात नंतरच्या याद्यांची मायक्रोफिल्म करून मूळ कागद नष्ट केले, त्यामुळे फिल्मवर जे पुसट आहे ते कायमचं पुसट. मुंबईच्या वाटेवरचा खड्डा निराळाच. लंडनहून रेल्वेने इटलीतल्या ब्रिंडिसीला जाऊन तिथे टपालबोट पकडणारा उतारू ब्रिटिश बंदरातल्या यादीत येणारच नाही.

आणि यादीत जो जितका प्रतिष्ठित, तितकी त्याची माहिती कमी. तळडेकवरच्या मजुराला वीस प्रश्न, पहिल्या वर्गाच्या साहेबाला नुसतं 'मिस्टर आणि मिसेस'. मॉरिशसला गेलेल्या करारबद्ध मजुरांचे तपशील तर याहून बारीक आहेत. त्यांच्यात मुंबई बंदरातून गेलेले मराठी लोकही होते. प्रत्येकाला क्रमांक, बापाचं नाव, गाव, उंची, अंगावरची खूण, आणि १८६०च्या दशकापासून छायाचित्रही. ज्याच्यावर विश्वास नाही त्याचीच नोंद नीट ठेवली गेली.

या दोन टोकांच्या मधे आया सापडतात. गोऱ्या कुटुंबाची मुलं सांभाळत मुंबईहून इंग्लंडला जाणाऱ्या बायका. पैसे मालकाने भरलेले, त्यामुळे यादीत कित्येकींना नाव नाही. मडमेच्या नावाखाली 'आणि आया', एवढंच. अशा बाईचा माग काढायचा तर तिचं नाव शोधून उपयोग नाही. मालकाचं आडनाव धरायचं, त्याच्या घरातल्या सगळ्या ओळी उतरवायच्या, मुलांची वयं जुळवायची आणि त्याच कुटुंबाच्या परतीच्या यादीत 'आया' हा शब्द पुन्हा आहे का ते पाहायचं.