आज्जीच्या हाताला सूत हवं होतं

बेळगावातलं शहापूर, पूर्वापार हातमागांची वस्ती. तिथलं एक घर डोळ्यांसमोर आणा. दिवस मावळायला आला की आज्जींचे हात चालू होतात. पदराचं टोक धरायचं, ओढायचं, बोटांभोवती गुंडाळायचं. सांभाळायला ठेवलेली मावशी चिक्कोडीकडची, तिच्या घरची भाषा कन्नड. आज्जी साडी सोडतायत असं वाटून ती हात धरते, आज्जी किंचाळतात. आज्जींनी उभ्या हयातीत मागासाठी कांड्या भरल्या, म्हणजे नळ्यांवर सूत गुंडाळलं, हे मावशीला कुणी सांगितलेलंच नसतं.

अल्झायमरमध्ये बहुधा हिप्पोकॅम्पसला आधी इजा होते. नवी आठवण पक्की करण्याचं काम मेंदूच्या या भागाचं. त्यामुळे सकाळचं जेवण पुसलं जातं. हाताच्या सवयी मात्र मेंदूत दुसरीकडे मुरलेल्या असतात आणि बराच काळ टिकतात. दिवेलागणीला अशा रुग्णांची घालमेल वाढते, हेही नेहमीचं. आपण ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून मोकळे होतो. पण हा आजार आहे. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे 88 लाख लोकांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश आहे; अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार.

सीमाभागात भाषेची गोष्ट वेगळीच. हैदराबादला डॉ. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी 648 रुग्ण तपासले. दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत डिमेन्शियाची लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसली होती. शाळेची पायरी न चढलेल्यांतही हा फरक होता. हा अभ्यास 2013चा. म्हणजे बाजारात कन्नड आणि घरात मराठी बोलण्याचा मेंदूला काही आधार मिळत असावा. आजार बळावला की मात्र मागाहून शिकलेली भाषा पुष्कळदा आधी निसटते. मराठी ‘आज्जी’ आणि कन्नड ‘अज्जी’ जुळतं, पण कन्नडमध्ये ‘नीरु’ म्हटल्यावर पाण्याचा पेला समोर येतोय हे उमगेनासं होतं.

इथे मोबाईल खरा कामाला येतो. जागतिक आरोग्य संघटनेचा ‘आय-सपोर्ट’ हा 2019चा ऑनलाईन अभ्यासक्रम सांभाळणाऱ्यांना चिडचीड, अंघोळ, जेवण कसं हाताळावं ते शिकवतो. ऑस्ट्रेलियात ‘पेनचेक’ हे ॲप चेहऱ्याच्या हालचालींवरून, बोलू न शकणाऱ्या रुग्णाची वेदना ओळखायला मदत करतं. गादीखालचा सेन्सर माणूस उठल्याचं कळवतो. का उठला, ते त्याला ठाऊक नसतं. मला सगळ्यांत मोलाची वाटते ती याहून साधी गोष्ट: दिवसाची मावशी जाऊन रात्रीची आली, तरी तिच्या फोनमध्ये हे माणूस कोण आहे ते असणं.

फोनवर रेकॉर्ड करून ठेवा: नातीने मराठीत सांगावं, शेजारणीने तेच कन्नडमध्ये. चहा बशीत लागतो. डाव्या कानाने ऐकू येत नाही. देवघराचा दिवा दिसला की शांत होतात. भाषांतराचं ॲप गप्पांना चालेल. गोळ्यांच्या मात्रेसाठी त्यावर विसंबू नका. प्रमाण बोलीवर तयार झालेल्या यंत्राला इथली कन्नडमिश्रित मराठी, त्यात आज्जींचे तुटक शब्द, सहज चकवू शकतात. आणि अंघोळीचे, रडण्याचे व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकू नका, आज्जींची लाज आपण राखायची.

मावशीही थकते. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा मोफत सरकारी क्रमांक तिच्यासाठीही आहे. तिथे मराठीत बोला, कन्नडमध्ये बोला.

पण आज रात्री आधी ते रेकॉर्डिंग करा. कांड्यांचं उरलेलं सूत कुठल्या ट्रंकेत आहे, तेही त्यात सांगा.