फिट बसणाऱ्या पुराव्याचं वजन

एखादी रहस्यमालिका रंगात आली की नागपुरातल्या कॉलेज कँटीनमध्ये तर्री-पोह्यासोबत थिअऱ्या सुरू होतात. कोण मेलेलाच नाही, कोण कुणाचा जुळा भाऊ आहे, अख्खी मालिका कुणाच्या स्वप्नात घडते आहे. शेवटी हमखास येणारं वाक्य असतं, "सगळं फिट बसते ना सर, मग तोच खुनी!" मी संख्याशास्त्र शिकवतो, आणि या 'फिट बसते'मध्ये माझ्या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट दडलेली आहे.

पुरावा थिअरीशी जुळतो का, हा अर्धाच प्रश्न झाला. उरलेला अर्धा असा: थिअरी खोटी असती, तरी हाच पुरावा दिसला असता का?

मे महिन्यात सीताबर्डीच्या सिग्नलवर उभे राहा. पारा ४५च्या आसपास. स्कूटीवरच्या मुलींचे चेहरे दुपट्ट्यात गुंडाळलेले, वर गॉगल. पुरुषांच्या डोक्या-कानांवरून रुमाल बांधलेला. अशा दुपारी 'संशयिताने चेहरा झाकला होता' या साक्षीला काय किंमत? खुनी असो की बँकेतला कारकून, चेहरा झाकलेलाच असणार. तीच साक्ष ऑगस्टमधल्या ढगाळ संध्याकाळची असेल तर मात्र कान टवकारावेत. पुरावा तोच, वजन वेगळं.

हे वजन मोजता येतं. थॉमस बेज या इंग्रज धर्मोपदेशकाचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर, १७६३ साली छापला गेला. आजचा बेजचा नियम त्यातूनच आला. समजा, 'मामाच खुनी' ही थिअरी खरी असण्याची शक्यता आधी १० टक्के होती, म्हणजे १ विरुद्ध ९. मग मामाच्या खोलीत लाल शाल दिसली. थिअरी खरी असेल तर अशी शाल दिसण्याची शक्यता ८० टक्के, खोटी असेल तरी ६० टक्के. ८० भागिले ६०, म्हणजे ४/३. एवढंच पुराव्याचं वजन. १ विरुद्ध ९ला त्याने गुणलं की ४ विरुद्ध २७ होतात, म्हणजे जेमतेम १३ टक्के. '८० टक्के जुळणारा' पुरावा आपल्याला १०वरून १३वर आणतो! थिअरी खोटी असताना शाल दिसण्याची शक्यता फक्त ८ टक्के असती, तर वजन १० झालं असतं आणि आपण थेट ५३ टक्क्यांवर पोचलो असतो.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांची एनिग्मा संकेतलिपी फोडताना ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्युरिंगने या वजनासाठी एककच केलं: डेसीबॅन. गुणोत्तराचा १०च्या पायावरचा लॉगॅरिदम घ्यायचा आणि १०ने गुणायचं. लॉगमुळे गुणाकाराची बेरीज होते, म्हणून पुरावे सरळ एकात एक मिळवत जाता येतात. १० पट वजन म्हणजे १० डेसीबॅन. ४/३ म्हणजे सुमारे १.२५. लाल शालीसारखे आठ पुरावे जमवले तर एका भक्कम पुराव्याची बरोबरी होते. पण अट अशी की ते आठही परस्परांपासून स्वतंत्र हवेत. वेशभूषाकाराने एका पात्राला लाल रंग ठरवून दिला आणि तो आठ भागांत दिसला, तर तो पुरावा एकच धरायचा. थिअरीवाल्यांची बेरीज बहुतेकदा इथेच चुकते.

भोंदू बाबांचा धंदाही याच चुकीवर चालतो. "घरात पैसा येतो, पण टिकत नाही" हे महिनाअखेरीला कुणाला लागू पडत नाही? बाबाला दिव्यदृष्टी असो वा नसो, वाक्य जुळणारच. वजन १, म्हणजे शून्य डेसीबॅन. नागपूरच्या अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते बाबांना अंदाजाने जुळणार नाही असं काही ओळखून दाखवायला सांगतात, ते म्हणूनच.

मालिकेत तर आणखी एक पेच असतो: काही खुणा निव्वळ अपघाताने पडद्यावर येतात. १९९० सालच्या 'ट्विन पीक्स' या अमेरिकी रहस्यमालिकेच्या पहिल्या भागाचं चित्रीकरण चालू असताना सेटवर सामान हलवणारा फ्रँक सिल्वा दिग्दर्शक डेव्हिड लिंचच्या नजरेत भरला. लिंचने त्याला पलंगाच्या पायथ्याशी बसवून एक शॉट घेतला. त्याचं करायचं काय, हे तेव्हा त्यालाही ठाऊक नव्हतं. पुढे दुसऱ्याच एका दृश्यात सिल्वाचं प्रतिबिंब चुकून आरशात आलं. कॅमेरामनला तो शॉट बाद वाटला, लिंचने ठेवला, आणि 'बॉब' हे मालिकेतलं सगळ्यात भयंकर पात्र जन्माला आलं.

'डॅलस' या अमेरिकी मालिकेच्या निर्मात्यांनी पुराव्याचं वजनच मारून टाकलं होतं. मार्च १९८०मध्ये तिच्यातल्या जे. आर. युइंग या मुख्य पात्रावर गोळी झाडली गेली आणि कुणी झाडली, हे गुलदस्त्यात राहिलं. गुपित फुटू नये म्हणून अनेक कलाकारांना गोळी झाडताना चित्रित करून ठेवलं. त्यातला एखादा तुकडा बाहेर फुटला असता, तरी त्यावरून काहीच सिद्ध झालं नसतं. २१ नोव्हेंबरला उत्तर आलं, गोळी त्याच्या मेहुणीने, क्रिस्टिनने झाडली होती. ते बघायला अमेरिकेत सुमारे ८ कोटी ३० लाख प्रेक्षक टीव्हीसमोर बसले होते.