गाणी भरून देणारा माणूस

"मामा, साठची एक भरून द्या. यादी आणलीय."

"अकरावं बसायचं नाही बघ, बाजू संपते. त्याच्याऐवजी एखादं छोटं सांग."

बेळगावात खडेबाजाराच्या आसपास वाढलेल्या माझ्या वयाच्या कुणालाही हा संवाद ओळखीचा वाटेल. साठची म्हणजे साठ मिनिटांची कोरी कॅसेट, दोन्ही बाजूंना तीस-तीस मिनिटं. वहीच्या कागदावर आईची नाट्यगीतं, माझी हिंदी आणि शेजारच्या अक्कांनी सांगितलेली दोन कानडी गाणी. कॅसेटचे पैसे वेगळे, भरायचे वेगळे.

गाणी 'विकत घेतली' असं आमच्याकडे फारसं कुणी म्हणायचं नाही, 'भरून घेतली' म्हणायचे. पुढं सीडी आली, मोबाइलचं मेमरी कार्ड आलं, पेनड्राइव्ह आला, तरी क्रियापद तेच राहिलं. संगीत कंपन्या आणि इंटरनेटवर गाणी वाटून घेणारे यांच्यात जगभर झालेला झगडा मला या क्रियापदामुळे नीट कळला. लोक पैसे नेमके कशाचे देत होते, याचं उत्तर त्यात आहे.

मामांना आम्ही बजावायचो, "मूळ कॅसेटवरनंच भरा हं." यामागे भौतिकशास्त्र होतं. कॅसेटची फीत चार मिलिमीटरपेक्षा कमी रुंद असते आणि सेकंदाला जेमतेम ४.७६ सेंटिमीटर सरकते. तिच्यावरच्या चुंबकीय कणांमध्ये आवाज साठतो. कण कितीही बारीक असले तरी त्यांची मांडणी अगदी एकसारखी नसते, म्हणून गाण्यामागं सतत खरखर येते. प्रतीची प्रत काढली की पहिलीची खरखर गाण्यासोबत उतरते आणि दुसरीची तिच्यात मिसळते. चौथ्या-पाचव्या प्रतीपर्यंत तानेतले बारकावे विरून जायचे. आमच्याच जिल्ह्यात सुळेभावीला १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व आमच्या घरी आले ते असे, बाबांच्या मित्राच्या तबकडीवरून थेट कॅसेटवर. ती कॅसेट मागून नेलेल्यांच्या प्रती मी ऐकल्या आहेत. सूर होते, पण धुक्यातल्या डोंगरासारखे. कंपन्यांच्या मालाला या खरखरीनंच एक कुंपण घातलं होतं.

सीडीनं ते कुंपण पाडलं. सीडीसाठी आवाजाची पातळी सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून आकड्यांत लिहितात. छायाचित्राची झेरॉक्स आणि तिची पुन्हा झेरॉक्स काढत गेलं तर चेहरा ओळखू येईनासा होतो, पण कागदावरचा फोन नंबर शंभर जणांनी उतरवून घेतला तरी तो तोच राहतो. शंभरावी प्रतही पहिलीइतकीच चांगली. अडचण एवढीच, की आकडे फार होते. पाच मिनिटांच्या गाण्याला पन्नासहून जास्त एमबी लागायचे. फोनच्या तारेवरून चालणाऱ्या तेव्हाच्या इंटरनेटवर ते उतरवायला दोन तास लागले असते, तेही तार मध्येच तुटली नाही तर.

इथं कानाचं विज्ञान कामी आलं. गावच्या भजनात टाळांचा गजर टिपेला पोचला की वीणेकऱ्याची बोटं तारेवर फिरताना दिसतात, वीणा मात्र ऐकू येत नाही. ती वाजत असते, पण मोठ्या आवाजाखाली लहान आवाज आपल्या श्रवणयंत्रणेला जाणवत नाही. दोन्हींची कंपनसंख्या जवळपास असेल तर जास्तच. मोठा आवाज थांबल्यावरही काही क्षण कान मंदावलेलाच राहतो. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच धागा धरला. जे ऐकूच येणार नाही ते साठवायचं कशाला? १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला एमपी३ची पद्धत ठरली आणि तेच पाच मिनिटांचं गाणं पाच एमबीच्या आत बसलं. दोन तासांचं काम बारा मिनिटांवर आलं. कायद्याच्या लढाईबद्दल भरपूर लिहिलं जातं, पण माझ्या मते खरी उलथापालथ या बारा मिनिटांनी केली.

१९९९ साली शॉन फॅनिंग या कॉलेजवयीन मुलानं नॅप्स्टर सुरू केलं. नॅप्स्टरकडे गाणी नव्हतीच, कुणाच्या संगणकावर कुठलं गाणं आहे याची यादी होती. गाणं एका घरातून थेट दुसऱ्या घरात जायचं. अमेरिकेतल्या संगीत कंपन्यांच्या संघटनेनं त्याच वर्षी खटला भरला आणि २००१ साली नॅप्स्टर बंद पडलं. यादी एका ठिकाणी असल्यामुळे ते बंद करता आलं. पुढच्या पद्धतींनी ही मेखच काढून टाकली. बिटटोरंटमध्ये फाइलचे तुकडे होतात आणि घेणाराच लगेच देणारा होतो. वाढपी एकच असला तर पंगतीच्या शेवटच्या पानापर्यंत भात पोचायला वेळ लागतो. इथं ज्याच्या पानात पडलं तोच शेजाऱ्याला वाढतो, म्हणून पंगत जितकी मोठी तितकं वाढणं झपाट्यानं. २००३पासून कंपन्यांनी सामान्य श्रोत्यांवरच खटले भरले, पहिल्या फेरीत २६१ जणांवर. वाटून घेणं थांबलं नाही.

मग विक्री किती बुडाली? हे मोजणं दिसतं तितकं सोपं नाही. गाजलेलं गाणं फुकट जास्त उतरवलं जातं आणि विकलंही जास्त जातं. पाऊस जोरात झाला की खानापुरात छत्र्या खपतात आणि रस्त्यात चिखलही होतो, पण छत्र्यांमुळे चिखल झाला असं कुणी म्हणत नाही. ओबरहोल्झर-गी आणि स्ट्रम्फ या दोन अर्थतज्ज्ञांनी यातून एक नामी वाट काढली. जर्मनीतल्या मुलांना शाळेची सुट्टी लागली की त्यांचे संगणक जास्त वेळ चालू राहतात आणि अमेरिकेतल्या लोकांना गाणी मिळणं सोपं होतं. जर्मन सुट्टीचा अमेरिकेतल्या दुकानांशी एरवी काही संबंध नसतो. तेव्हा त्या दिवसांत तिथली विक्री घसरली, तर दोष फुकट गाण्यांचा. २००७ साली छापलेल्या त्यांच्या निबंधात हा परिणाम शून्याहून वेगळा काढता येण्याइतका आढळला नाही. रॉब आणि वॉल्डफोगेल यांनी मात्र कॉलेजच्या विद्यार्थ्यांना विचारून हिशेब मांडला, तर पाच अल्बम फुकट उतरवले की साधारण एक विकत घ्यायचा राहतो असं निघालं. नंतरच्या बऱ्याच अभ्यासांनीही नुकसान झालं असंच म्हटलं. मला दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो. एक विक्री बुडाली हे खरं, आणि उरलेले चार अल्बम त्या मुलांनी एरवीही घेतले नसते हेही खरं.

आमच्याकडे या काळात मोबाइलची दुकानं गल्लोगल्ली झाली. निपाणी, चिकोडी, संकेश्वर, कुठंही जा, काचेवर 'डाऊनलोडिंग करून मिळेल' असा कागद. चार जीबीच्या कार्डात आठशे गाणी बसायची. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानं हा गुन्हाच, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तरी लक्षात घ्या, गाणं फुकट मिळत असताना गिऱ्हाईक पैसे देतच होतं. ते पैसे निवडीचे होते, वेळेचे होते, आणि 'लग्नाच्या वरातीला कुठली चालतील' हे जाणणाऱ्या माणसाचे होते. फक्त त्यातला एक पैसाही गाणाऱ्यापर्यंत जात नव्हता. इंडियन म्युझिक इंडस्ट्री या कंपन्यांच्या संघटनेनं अशा दुकानदारांना परवाने देण्याची योजना काढली होती. भरून देणाऱ्याला सामावून घेण्याचा तो विचार मला खटल्यांपेक्षा शहाणपणाचा वाटतो.

२०१६नंतर इंटरनेट स्वस्त झालं आणि भरून देण्याचं काम अ‍ॅपनं उचललं. जगभरात ध्वनिमुद्रित संगीताच्या कमाईचा निम्म्याहून जास्त वाटा आज स्ट्रीमिंगचा आहे. पैसे पुन्हा गोळा होऊ लागले, पण ते वाटले कसे जातात हे पाहिलं की सीमाभागातल्या गाणाऱ्यांसाठी जीव तुटतो. समजा, शंभर श्रोत्यांनी शंभर-शंभर रुपये भरले. नव्याण्णव जणांनी महिन्यात हजार-हजार वेळा सिनेमाची गाणी लावली. खानापूरच्या एका आजोबांनी फक्त एका धनगरी ओव्या गाणाऱ्याला शंभर वेळा ऐकलं. सगळे दहा हजार एकाच हौदात पडतात आणि एकूण ऐकण्याच्या प्रमाणात वाटले जातात. कंपनीचा वाटा बाजूला ठेवला तरी ओवीवाल्याला मिळतात जेमतेम दहा रुपये. आजोबांचे उरलेले नव्वद रुपये त्यांनी कधी न ऐकलेल्या गाण्यांना जातात. ज्याचे पैसे त्यानं ऐकलेल्यालाच, असा हिशेबही शक्य आहे. साउंडक्लाउडनं २०२१ साली काही कलाकारांसाठी तो सुरू केला. उलट स्पॉटिफायनं २०२४पासून वर्षात हजार वेळा न वाजलेल्या गाण्याला मोबदला देणंच थांबवलं. सौंदत्तीच्या यल्लम्माची किंवा चिंचलीच्या मायाक्काची गाणी गाणाऱ्या किती जणांना ही अट आडवी येत असेल! कॅसेटच्या काळात अशी गाणी यात्रेतल्या गाड्यावर खपायची आणि हजार प्रतींची विक्री म्हणजे चांगली विक्री होती.

गेल्या हंगामात चिकोडीजवळ उसाच्या ट्रॅक्टरमागं आमची गाडी अडकली. दोन ट्रॉल्या आणि मोठे साउंड. एक कानडी गाणं, मग एक मराठी, मग पुन्हा कानडी. वजनकाट्याच्या रांगेत मी उतरून ड्रायव्हरला विचारलं, मोबाइलवर का लावत नाही?

"फडात रेंज कुठली? पेनड्राइव्ह हाय की," तो म्हणाला. "दोनशे रुपये घेतलं, पण माझ्या आवडीची भरून दिल्यात."

"कुणी भरली?"

"आमच्या गावचंच पोरगं. त्याचं सवताचं गाणं बी घातलंय त्यात, थांबा, आता लागंल."