तोंड नसलेला हाडखाऊ

फेब्रुवारी २००२. कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरे उपसागरात सुमारे २,९०० मीटर खोलीवर एक दूरनियंत्रित पाणबुडी शिंपले शोधत फिरत होती. शिंपल्यांऐवजी कॅमेऱ्यापुढे आला करड्या देवमाशाचा सांगाडा. त्याच्या हाडांवर लाल तुऱ्यांचं दाट रान माजलं होतं. वर आणलेल्या हाडाचा तुकडा फोडल्यावर कळलं, की दिसतो तो तुरा म्हणजे प्राण्याचा वरचा भाग, श्वसनाची पिसं. उरलेलं धड हाडात रुतलेलं असतं आणि तिथे त्याला झाडासारखी हिरवट मुळं फुटलेली असतात.

हा प्राणी, म्हणजे पुढे ‘ओसेडॅक्स’ म्हणून ओळखला गेलेला हाडकृमी, ठेवायचा कुठल्या खणात? वर्गीकरण करणारा माणूस आधी तोंड पाहतो, मग पचनमार्ग, मग शरीराचे खंड. इथे तोंड नाही, पोट नाही, गुदद्वारही नाही. मुळांमधून आम्ल पाझरतं, त्यात हाडातलं खनिज विरघळतं आणि आतली प्रथिनं-चरबी मोकळी होते. मुळांच्या पेशींमध्ये जीवाणूंची वस्ती असते आणि पोषणाची मदार त्यांच्यावर असते, असं मानलं जातं. गांडूळ-जळवांच्या वलयी संघाची (संघ म्हणजे प्राण्यांचा मोठा गट) खूण म्हणजे वळ्यावळ्यांचं अंग. या प्राण्यात तीही धड दिसेना.

शिवाय गोळा केलेले सगळे नमुने माद्यांचेच निघाले. नर गेले कुठे? सूक्ष्मदर्शकाखाली ते मादीच्याच अंगाभोवतीच्या नळीत सापडले: डोळ्यांना न दिसणारे, एकेका मादीपाशी शंभराहूनही अधिक. डिंभावस्थेतून पुढे न सरकलेले हे नर काही खात नाहीत. अंड्यातून मिळालेल्या बलकाच्या शिदोरीवर जगतात आणि शुक्रपेशी बनवतात. पण मादीने लपवलेली ओळख याच नराने उघड केली. त्याच्या मागच्या टोकाला बारीक आकडे होते, आणि तसेच आकडे खोल समुद्रातल्या नळीकृमींनाही असतात. डीएनएची साक्षही तीच निघाली. सिबोग्लिनिडी हे कुल (संघातला लहान गट) आणि वलयी हा संघ, असा पत्ता ठरला.

या कुलाची स्वतःची कहाणी कमी गमतीची नाही. इंडोनेशियाच्या समुद्रात १८९९-१९०० मध्ये ‘सिबोगा’ नावाच्या जहाजावरून डच मोहीम झाली. तिथे मिळालेल्या धाग्यासारख्या, पोट नसलेल्या कृमीचं वर्णन फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ मॉरिस कॉलरी यांनी १९१४ मध्ये केलं आणि जहाजावरून त्याला ‘सिबोग्लिनम’ म्हटलं. पुढे अशा प्राण्यांसाठी ‘पोगोनोफोरा’, म्हणजे दाढीधारी, असा वेगळा संघच मांडला गेला. गोची अशी होती, की हे कृमी चिखलातून ओढताना तुटत आणि शेपटाकडचा भाग खालीच राहून जाई. अखंड नमुन्यांचा अभ्यास १९६०च्या दशकात झाला, तेव्हा कळलं की त्याच हरवलेल्या टोकाला खंड आणि काटे आहेत. तरीही १९७७ मध्ये गालापागोसजवळ सापडलेल्या राक्षसी नळीकृमींसाठी आणि त्यांच्या नातलगांसाठी १९८५ मध्ये आणखी एक स्वतंत्र संघ सुचवला गेला. शेवटी १९९०च्या दशकात शरीररचना आणि डीएनए यांचा एकत्र विचार झाला आणि दोन्ही संघ मोडून एक कुल उरलं. नाव मात्र कॉलरींच्या कृमीवरूनच राहिलं. अपुरा नमुना वर्गीकरणाला किती वर्षं भोवतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी आठवत नाही.

ग्रेग राऊज, शॅना गॉफ्रेडी आणि रॉबर्ट व्रायेनहुक यांनी २००४ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात या हाडकृमीचं बारसं केलं. प्रजातीचं, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचं, नाव ओसेडॅक्स. लॅटिनमध्ये ‘ओस’ म्हणजे हाड आणि ‘एडॅक्स’ म्हणजे खादाड. त्या एका सांगाड्यावर दोन जाती होत्या. एक ‘रुबिप्लुमस’, तांबड्या पिसांची. दुसरी ‘फ्रँकप्रेसी’, भूभौतिकशास्त्रज्ञ फ्रँक प्रेस यांच्या सन्मानार्थ. शेवटची ‘ई’ हा लॅटिनमधला षष्ठीचा प्रत्यय, आपल्या ‘चा’सारखा: फ्रँक प्रेसचा ओसेडॅक्स. नाव बाईचं असेल तर प्रत्यय बदलतो, अनेकांचं असेल तर आणखी वेगळा लागतो.

स्वीडनच्या किनाऱ्याजवळ अवघ्या १२५ मीटर खोलीवर मिळालेल्या जातीचं नाव २००५ मध्ये ‘म्युकोफ्लोरिस’ ठेवलं गेलं. अर्थ सरळ आहे: शेंबडाचं फूल! प्राण्याभोवती खरोखरच चिकट स्रावाचा गोळा असतो, त्यामुळे मला तरी हे नाव सन्मानाच्या नावांपेक्षा अधिक प्रामाणिक वाटतं.

नाव ठरेपर्यंत काम थांबत नाही. मॉन्टेरेच्या नमुन्यांना बरीच वर्षं ‘नारिंगी गळपट्टा’, ‘पिवळा गळपट्टा’ अशी टोपणनावंच होती. त्यातला ‘गुलाबी’ २००८ मध्ये रीतसर ‘रोझियस’ झाला. पण नियमानुसार नाव टिकायचं तर प्रकाशित वर्णन हवं आणि संग्रहालयात जपलेला, नावाला बांधलेला आदर्श नमुना हवा. मऊ, हाडात गुंतलेला प्राणी अख्खा सोडवून काढणं हेच किचकट, त्यामुळे दिसायला सारख्या जाती वेगळ्या काढताना डीएनएचा मोठा आधार होतो. कॅलिफोर्नियाच्या १४ नव्या जातींना २०१८ मध्ये एकदमच नावं मिळाली. त्यात ‘टिबुरॉन’ आणि ‘व्हेंटाना’ ही चक्क पाणबुड्यांची नावं आहेत. एका लठ्ठ धडाच्या जातीला तर ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांतल्या लठ्ठ जब्बाचं नाव मिळालं.

नाव मिळालं म्हणजे व्याख्या पक्की झाली असंही नाही. ‘खुजे नर’ ही या प्रजातीची ठळक खूण मानली जात होती. मग ‘प्रायापस’ नावाची जाती सापडली. तिचे नर चांगले मोठे होते आणि स्वतः हाडात मुळं रोवून खात होते.

कृमीचं मऊ अंग दगडात टिकत नाही, हाडात कोरलेली बिळं मात्र टिकतात. सुमारे १० कोटी वर्षांपूर्वीच्या प्लेसिओसॉर या सागरी सरीसृपाच्या हाडांतही ती दिसली आहेत, म्हणजे देवमासे अवतरण्याच्या कितीतरी आधी. पण बीळ कोरणारी जाती कोणती, हे बिळावरून ठरत नाही. म्हणून जीवाश्मशास्त्रज्ञ अशा खुणांना वेगळं नाव देतात. इटलीतल्या टस्कनी भागातल्या देवमाशाच्या जीवाश्म हाडावरून ओसेडॅक्सच्या बिळांना नाव मिळालं ‘ओस्पेकस’, हाडातली गुहा. कृमीचं नाव वेगळं, त्याच्या भोकाचं वेगळं.