कारंगाहाके घळीतला विंडोज वॉक

विंडोज वॉक म्हणजे न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर पाएरोआ आणि वाईही या गावांच्या मधल्या कारंगाहाके घळीतली पायवाट. अडीच किलोमीटरच्या आसपासचा फेरा, रमतगमत साधारण तासाभराचा, त्यामुळे मुलंबाळं आजीआजोबा सगळ्यांना घेऊन जमतो. पार्किंग स्टेट हायवे 2 ला लागूनच आहे, तिथून झुलत्या पुलावरून ओहिनेमुरी नदी ओलांडली की जुन्या सोन्याच्या खाणींचे अवशेष सुरू.

एवढ्या उभ्या कड्यात वाट इतकी सपाट कशी, तर ती फिरायला केलेलीच नाही. खनिजाच्या छोट्या वॅगनी रुळांवरून न्यायच्या होत्या, त्यांना चढ चालत नाही, म्हणून कडा पोखरून बोगदे काढले आणि आज तीच वाट आपल्याला आयती मिळालीये. बोगद्याच्या भिंतीला मधेमधे भोकं आहेत, त्यातून दगडमाती थेट खाली वाइटाव्हेटा नदीत ढकलायचे. याच त्या विंडोज. आता तिथे उभं राहून लोक फोटो काढतात.

इथलं ओहिनेमुरी गोल्डफिल्ड (सोन्याच्या खाणींचा पट्टा) अधिकृतपणे 1875 मध्ये खुलं झालं, पण इथलं सोनं काही नदीत ताटली हलवून मिळणारं नव्हतं. ते कठीण गारगोटीत इतकं बारीक विखुरलेलं की दगड कुटून पाऱ्यावरून नेला (पारा सोनं धरून ठेवतो) तरी बरंचसं वायाच जायचं. मग 1889 मध्ये इथल्या क्राउन बॅटरीत (बॅटरी म्हणजे दगड कुटायची गिरणी, सेल नव्हे) सायनाइडची पद्धत वापरून बघितली, जिचं पेटंट 1887 मध्ये ग्लासगोत घेतलं होतं, आणि प्रत्यक्ष खाणीवर ती वापरायची जगातली ही पहिली वेळ मानतात. सौम्य सायनाइडच्या पाण्यात हवेच्या मदतीने सोनं विरघळतं, नंतर जस्ताचा कीस घालून ते परत खाली बसवायचं. माझ्या मते घळीचं खरं महत्त्व हेच, देखावे काय न्यूझीलंडमध्ये पावलोपावली आहेत.

याची किंमत नदीने मोजली. 1895 मध्ये ओहिनेमुरी नदीला सरकारने चक्क गिरण्यांचा गाळ सोडायचा नाला म्हणून जाहीर केलं, पात्र भरत गेलं आणि खालच्या भागात पुराचा त्रास वाढला.

आता क्राउन आणि टॅलिस्मन बॅटरींचे काँक्रीटचे पाये, भिंती तेवढ्या उरल्यात. टॉर्च मात्र हवाच, मोबाईलचा चालेल पण चांगला असला तर बरं, काही बोगद्यांत मिट्ट काळोख असतो आणि खाली पाणी साचतं. कड्याच्या बाजूला लहान मुलांचा हात सोडू नये. दरडींमुळे वाट अधूनमधून बंद ठेवतात, म्हणून निघण्याआधी डिपार्टमेंट ऑफ कॉन्झर्व्हेशनची (तिथलं निसर्गसंवर्धन खातं) सूचना बघावी. अजून चालायचं असेल तर जवळच सुमारे 1.1 किलोमीटरचा जुना रेल्वे बोगदा आहे, 1905 मध्ये सुरू झालेला, त्यात आता दिवे आहेत आणि सायकली पण जातात.