‘फक्त ॲलेग्रो’ : ओपस १०६ च्या पहिल्या मुव्हमेंटच्या लयीमागची पार्श्वभूमी

बीथोव्हेनच्या ओपस (रचनाक्रमांक) १०६ या बी फ्लॅट मेजर स्वरातील पियानो सोनाट्याची पहिली मुव्हमेंट, म्हणजे पहिला स्वतंत्र भाग, जो शिकायला घेतो, त्याला बोटे बसवण्याआधीच ती किती वेगाने वाजवायची हे ठरवावे लागते. छापील पानावर त्याचे उत्तर दिलेले आहे : मिनिटाला १३८ हाफ नोट (दोन मात्रांएवढे सूर). हा आकडा पुढच्या काळातल्या कोणा संपादकाने घातलेला नाही, तो रचनाकाराचा स्वतःचा आहे, आणि त्याच्या बत्तीस पियानो सोनाट्यांपैकी मेट्रोनोमचे (लोलकाच्या ठोक्यांनी लय दाखवणाऱ्या यंत्राचे) आकडे त्याने स्वतः दिलेला हा एकमेव सोनाटा आहे. तरीही गेल्या दोनशे वर्षांत बहुसंख्य वादकांनी तो पाळलेला नाही.

सतराव्या आणि अठराव्या शतकात लय सांगण्यासाठी इटालियन शब्द पुरेसे मानले जात, कारण वादक आणि रचनाकार एकाच परंपरेत वाढलेले असत. १८१५ साली मेट्रोनोमचे पेटंट घेतले गेले आणि १८१७ मध्ये बीथोव्हेनने आपल्या तोवरच्या आठही सिंफनींचे आकडे प्रसिद्ध केले. त्याच सुमारास एका पत्रात त्याने लिहिले की ‘ॲलेग्रो’ या शब्दाचा मूळ अर्थ आनंदी असा आहे, आणि ज्या संगीतावर तो लिहिला जातो ते पुष्कळदा त्या अर्थाच्या अगदी उलट असते. वेग दाखवणारा शब्द आणि रचनेचा भाव दाखवणारा शब्द या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याचे म्हणणे होते. विलंबित, मध्य आणि द्रुत हे शब्द वापरणाऱ्या आपल्या वाचकाला हा भेद पटकन कळावा, कारण द्रुत म्हणजे उल्हसित असे आपण कधीच मानत नाही.

वादाचे मूळ १६ एप्रिल १८१९ च्या पत्रात आहे. लंडनमध्ये राहणाऱ्या आपल्या एका जुन्या शिष्याला त्याने या सोनाट्याच्या सर्व मुव्हमेंटचे आकडे कळवले, आणि पहिल्या मुव्हमेंटविषयी बजावले की तिच्यावर केवळ ‘ॲलेग्रो’ असावे, ‘असाई’ हा शब्द काढून टाकावा. रचनाकाराच्या हातचे मूळ हस्तलिखित आज उपलब्ध नाही, त्यामुळे या पत्राचे महत्त्व आणखी वाढते. याच पत्रात तिसऱ्या मुव्हमेंटच्या अगदी आरंभी दोन सूर वाढवण्याची सूचना आहे, म्हणजे इतक्या उशिरापर्यंत तो एकेका सुराचा विचार करत होता. अशा पत्रातला आकडा घाईत पडलेला असेल, हे मला पटत नाही.

पण ‘असाई’ काढल्याने लय कमी झाली की वाढली? आज इटालियन भाषेत या शब्दाचा अर्थ ‘फार’ असा होतो. तो घेतला तर ‘फार जलद’ ऐवजी नुसते ‘जलद’ उरते, आणि शब्द लय सैल करतो तर आकडा ती ताणतो, असा विरोध दिसतो. संथ वाजवणाऱ्यांनी याच विरोधाचा आधार घेतला आहे : शब्द मागे खेचतो, म्हणून आकड्यातच चूक असली पाहिजे. मात्र १७०३ साली प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच संगीतकोशात याच शब्दाचे दोन अर्थ दिलेले आहेत, एक ‘पुष्कळ’ आणि दुसरा ‘बेताने, अतिरेक न करता’. फ्रेंचमधल्या ‘पुरेसे’ या अर्थाच्या, उच्चाराला जवळच्या शब्दाची सावली दुसऱ्या अर्थावर पडली असावी. बीथोव्हेनच्या मनात हा दुसरा अर्थ होता असे मानणारे अभ्यासक आहेत आणि मला त्यांची बाजू अधिक बळकट वाटते. नवव्या सिंफनीतील आनंदगीताच्या धुनेवर त्याने ‘ॲलेग्रो असाई’ लिहून मिनिटाला ८० हाफ नोट एवढीच लय दिली आहे. त्या धुनेचे सूर संथ चालीचे आहेत, ओपस १०६ मध्ये मात्र एका हाफ नोटमध्ये चार-चार सूर धावतात, त्यामुळे दोन्ही आकडे थेट शेजारी ठेवता येत नाहीत, हे मान्य केले पाहिजे. तरीही ‘असाई’ म्हणजे ‘बऱ्यापैकी’ असे धरले, तर तो शब्द काढणे म्हणजे लगाम सोडणे ठरते, आणि मग पत्रातला शब्द व आकडा यांत विरोध उरत नाही.

एकोणिसाव्या शतकातील संपादकांनी हा प्रश्न सोडवण्याऐवजी आकडाच खाली आणला. रचनाकाराच्या एका शिष्याने १८४० च्या दशकातील आपल्या ग्रंथात मूळ आकडा कायम ठेवला आणि असामान्य जलद लय हीच इथली मुख्य अडचण असल्याचे नोंदवले, पण त्याचे कोणी फारसे ऐकले नाही. मुव्हमेंट भव्य आहे, म्हणून ती संथ असली पाहिजे, अशी समजूत रूढ होत गेली. १९३० च्या दशकात बत्तीसही सोनाट्यांचे पहिले संपूर्ण ध्वनिमुद्रण लंडनमध्ये झाले, तेव्हा त्या वादकाने बीथोव्हेनच्या आकड्याच्या अगदी जवळ जाऊन ही मुव्हमेंट नऊ मिनिटांच्या आत संपवली. त्यात चुकलेले सूर पुष्कळ आहेत आणि टीकाकार आजही ते मोजतात, पण मुव्हमेंटची झेप त्यात जशी ऐकू येते तशी मला बारा मिनिटांच्या नितळ वादनांत ऐकू आलेली नाही.

अलीकडच्या काळात आकड्यावर संशय घेणाऱ्या उपपत्ती वाढल्या आहेत. मेट्रोनोम बिघडलेला होता, असे एक मत आहे. लोलकाची जाण्या-येण्याची पूर्ण फेरी म्हणजे एक ठोका, असे दुसरे मत आहे, आणि ते मान्य केले तर लय निम्मी म्हणजे ६९ होते. २०२० मध्ये दोन स्पॅनिश संशोधकांनी सिंफनींच्या ध्वनिमुद्रणांवरून असे मांडले की बीथोव्हेन मेट्रोनोमच्या दांड्यावर सरकणाऱ्या वजनाच्या वरच्या कडेऐवजी खालच्या कडेचा आकडा वाचत असावा. नवव्या सिंफनीच्या हस्तलिखितावर ‘१०८ किंवा १२०’ अशी त्याचीच नोंद आहे, म्हणजे कोणत्या कडेचा आकडा वाचायचा याविषयी तो साशंक असावा, त्यामुळे या मताला काही आधार मिळतो. माझ्या दृष्टीने अधिक साधे कारण असे, की १८१९ पर्यंत त्याची श्रवणशक्ती जवळजवळ गेलेली होती आणि मनात ऐकलेल्या संगीताला सभागृहाचा घुमारा अडवत नाही.

वाद्यही बदलले आहे. त्या काळच्या व्हिएन्नातील पियानोची पट्टी हलकी होती, ती कमी खोल दबे, आणि तिचा स्वर लवकर विरत असे, तर आजच्या कॉन्सर्ट ग्रँडचे (मैफिलीच्या मोठ्या पियानोचे) खर्जातले सूर दाट असून एकात एक मिसळतात. म्हणून शिकणाऱ्याने आधी १३८ चा हट्ट धरू नये, असे सांगितले जाते आणि ते बरोबरच आहे. मात्र ८० वर पक्की केलेली बोटे आणि मनगटाची ठेवण पुढे वाढत्या लयीत तशीच नेता येत नाही, कारण संथ लयीत प्रत्येक सुराला वेगळा धक्का देण्याची सवय लागते. रियाज संथ असला तरी हाताची चाल शेवटच्या लयीची हवी, आणि त्यासाठी दोन-दोन बारांचे (मात्रांच्या ठरावीक गटांचे) तुकडे अधूनमधून पूर्ण वेगात वाजवून पाहावे लागतात.

याची परीक्षा पहिल्याच उडीत होते. डाव्या हाताने खर्जातला बी फ्लॅट वाजवून लगेच खूप वरच्या कॉर्डवर (एकाच वेळी वाजणाऱ्या सुरांवर) जायचे असते, आणि १३८ च्या लयीत त्या पहिल्या सुराला सेकंदाचा साधारण नववा भाग मिळतो. पुष्कळ वादक तो सूर किंवा कॉर्ड दोन्ही हातांत वाटून घेतात. त्याने सूर चुकत नाहीत, पण रचनाकाराने ती उडी एकाच हातात लिहिली आहे, आणि त्या हाताला पडणारा ताण ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचतो.